घरगुती प्रार्थनासभा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून प्रार्थना करणं मराठी ख्रिस्ती मंडळींना नवं नाही. कुठे तिला कॉटेज मीटिंग म्हणतात, कुठे नुसतंच ‘आज आमच्याकडे प्रार्थना आहे’ असा निरोप जातो. नव्याने सुरू करणारे जे विचारतात आणि सुरू करून दोन महिन्यांत अडकलेले जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे.

एकट्याने प्रार्थना करता येते, मग जमायचं कशाला?

येशूने दोन्ही शिकवलं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो खोलीचं दार लावून घ्यायला सांगतो, आणि तीनच वचनांनंतर जी प्रार्थना शिकवतो ती सबंध अनेकवचनी आहे. पिता आमचा, भाकर आमची, ऋणंही आमची. दार लावून एकटा बसलेला माणूससुद्धा ती म्हणताना इतरांना सोबत घेऊनच म्हणतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर नेलं आणि जागं राहायला सांगितलं. ते झोपी गेले ही गोष्ट वेगळी, पण सोबत त्याला हवी होती.

व्यवहारात फरक असा पडतो. एकटा माणूस बहुतेक वेळा आपल्याच घराभोवती फिरत राहतो, नोकरी, मुलांच्या परीक्षा, आईचं दुखणं. सभेत बसलं की दुसऱ्याचं ओझं आपल्या तोंडी येतं. आणि ज्या आठवड्यात दुःखाने आपलं तोंडच उघडत नाही, त्या आठवड्यात बाकीचे आपल्या वतीने बोलतात.

किती माणसं, किती वेळ, कोणता क्रम?

आठ ते बारा माणसं उत्तम. तीनही चालतात. दोघे-तिघे जमले तरी मी तिथे आहे, असं वचन मत्तय 18:20 मध्ये आहेच. पंधराच्या वर गेलात की बुजरी माणसं गप्प होतात आणि तेच ते चारजण प्रार्थना करतात. तेव्हा दोन घरांत दोन सभा करा.

एकूण वेळ सव्वा तासाच्या आत ठेवा. बसणारी विभागणी अशी: सुरुवातीची दोन गीतं 10 मिनिटं, शास्त्रपाठ 5, त्यावर मनन 15, विनंत्या ऐकायला 10, प्रत्यक्ष प्रार्थनेला 25, शेवटी प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वचन 5. म्हणजे 70 मिनिटं. जवळजवळ प्रत्येक अडकलेल्या सभेत एकच गोष्ट झालेली असते: मनन चाळीस मिनिटांवर गेलेलं असतं आणि प्रार्थनेला सात मिनिटं उरलेली असतात. मग ती प्रार्थनासभा राहत नाही, रविवारच्या उपदेशाची दुसरी आवृत्ती होते. मनन करणाऱ्याला आधीच सांगा, आठ ते दहा वचनांचा एकच भाग घ्यायचा, संदर्भासाठी दहा ठिकाणची पानं उलटायची नाहीत.

वार आणि वेळ ठरलेली हवी. गावाकडे जेवणं उरकल्यावर साडेआठ, मुंबई-पुण्यात लोक कामावरून परतल्यावर आठ-साडेआठ. तिघे आले असले तरी वेळेवर सुरू करा. ‘पाळकसाहेब आले की सुरू करू’ या एका वाक्याने अनेक सभा मोडल्या आहेत. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नसतील तर मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, कुणीही सभा चालवू शकतो. आशीर्वचनही म्हणू शकतो, फक्त 2 करिंथ 13:14 म्हणताना ‘तुम्हां सर्वांबरोबर’ऐवजी ‘आम्हां सर्वांबरोबर असो’ म्हणण्याची रीत बऱ्याच मंडळ्यांत आहे.

मला चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करता येत नाही. काय करू?

एका वाक्याने सुरुवात करा. चार तुकडे पुरे: कुणाशी बोलतोय, कुणाबद्दल, काय हवंय, आमेन. ‘हे पित्या, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. त्यांची भीती कमी कर आणि डॉक्टरांचे हात सांभाळ. येशूच्या नावात, आमेन.’ ही पूर्ण प्रार्थना आहे, तिला आणखी काही जोडायची गरज नाही. ‘हे परमदयाळू, परमपवित्र, सर्वसमर्थ, सनातन’ अशी विशेषणांची माळ लावली नाही म्हणून ती उणी पडत नाही. घरी बोलता ती मराठी इथेही चालते. अहिराणी, वऱ्हाडी, कादोडी, जी तुमची असेल ती.

कागदावर लिहून आणलेली प्रार्थना वाचली तरी हरकत नाही. स्तोत्रसंहितेतल्या दोन ओळी वाचून त्यात माणसाचं नाव घातलं तरी चालतं. दीडशे स्तोत्रं त्यासाठीच आहेत.

सभा चालवणाऱ्यांना एक सूचना: ओळीने प्रत्येकाने प्रार्थना करायची ही पद्धत नव्या माणसाला पळवून लावते. आपली पाळी येईपर्यंत त्याचं लक्ष फक्त आपल्या धडधडीकडे असतं. ओळीनेच करायची असेल तर सुरुवातीलाच सांगा की ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं ‘आमेन’ म्हणावं, म्हणजे पुढच्याला कळेल.

एक भाऊ पंधरा-पंधरा मिनिटं प्रार्थना करतात. थांबवायचं कसं?

आधी पाहा की ती प्रार्थना देवाशी चालली आहे की खोलीतल्या लोकांशी. ‘प्रभू, तू जाणतोस की काहीजणांना सभेला वेळेवर यायचं सुचत नाही’ हे वाक्य देवाला उद्देशून नाही. तसंच ज्या प्रार्थनेत बातम्या, आकडे आणि शास्त्रवचनांचे दाखले येतात, ती बहुतेक वेळा छोटं प्रवचन असते. दर चार शब्दांनी ‘प्रभू, प्रभू’ येणं मात्र नुसती सवय असते. त्यासाठी कुणाला टोकू नका.

भर सभेत अडवू नका. रचना बदला. प्रार्थनेचा वेळ तीन फेऱ्यांत वाटा: पहिली फेरी फक्त उपकारस्तुतीची, दुसरी आजारी आणि अडचणीतल्या माणसांची, तिसरी गाव-देश-जगाची. प्रत्येक फेरीत एकाने एकच विषय घ्यायचा आणि दोन-तीन वाक्यांत थांबायचं. फेरी बदलताना चालवणारा मोठ्याने सांगतो, ‘आता आजाऱ्यांसाठी’. या चौकटीत लांबण लावणं अवघड जातं. तरीही फरक पडला नाही तर त्या भावांशी घरी जाऊन, चहा घेता घेता, एकट्यात बोला. बहुतेकांना आपली प्रार्थना किती लांबते हे माहीतच नसतं.

मध्ये शांतता पडली की सगळे अवघडतात. ती भरून काढायची का?

नाही, ठरवून ठेवा. शास्त्रपाठानंतर दोन मिनिटं स्तब्ध बसायचं, आणि किती वेळ ते आधी जाहीर करायचं. न सांगता लांबलेली शांतता माणसांना ‘आता कुणीतरी बोला’ अशी टोचते, सांगून घेतलेली टोचत नाही. पहिल्या आठवड्यात अर्धं मिनिट, मग वाढवत न्या. सतत आपणच बोलत राहिलो तर तो संवाद कसला? वाचलेलं वचन मनात उतरायला एवढी जागा लागतेच.

प्रार्थनेच्या विनंत्या कशा घ्यायच्या?

इथे सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं. ‘अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, तिचं काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे’ हा चहाडीचाच प्रकार आहे, नाव प्रार्थनेचं. नियम साधा ठेवा: स्वतःची विनंती स्वतः सांगायची. दुसऱ्याची सांगायची असेल तर त्याला विचारून, आणि त्याने जेवढं सांगायला परवानगी दिली तेवढंच. घरातली मारहाण, दारू, घटस्फोट, मुलीचं लग्न मोडणं असे विषय मोठ्या गटात आणू नका. दोन विश्वासू बायका किंवा मंडळीतले दोन वडील (जबाबदारी दिलेले ज्येष्ठ) यांच्यापुरते ठेवा. मारहाण चालू असेल तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. त्या बाईला सुरक्षित जागी पोचवणं आणि महिला हेल्पलाइन 181 चा नंबर देणं हे त्याच रात्रीचं काम आहे.

विनंती नेमकी हवी. ‘आमच्या कुटुंबासाठी’ म्हटलं की ऐकणारा काय मागणार? ‘मुलाची मुलाखत मंगळवारी आहे, तो आठ महिने घरी बसलाय’ म्हटलं की सगळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. विनंत्यांना दहा मिनिटं पुरत नसतील तर चिठ्ठ्या लिहून घ्या आणि तिघा-तिघांच्या गटात वाटून द्या.

एक वही ठेवा. दोनशे पानी साधी वही, तीन रकाने: तारीख, विषय, पुढे काय झालं. तिसरा रकाना हाच वहीचा जीव. महिन्याच्या पहिल्या सभेत मागचं पान उघडायचं आणि एकेका विषयाबद्दल विचारायचं: ऑपरेशन झालं का, निकाल लागला का, पैसे परत आले का. ज्याने विनंती सांगितली त्याला, आपलं म्हणणं कुणाच्या तरी लक्षात राहिलं, हे त्या क्षणी कळतं. हा रकाना रिकामा राहणाऱ्या सभा हळूहळू विनंत्यांची यादी वाचून दाखवण्यापुरत्या उरतात, आणि लोकही मग खरं सांगणं बंद करतात. नाजूक विषय वहीत नावाने लिहू नका, आद्याक्षर पुरे. वही एकाच माणसाकडे राहू द्या.

व्हॉट्सॲप ग्रुप करावा का?

करावा, पण फक्त विनंत्या आणि निरोपांसाठी. सुप्रभात, फुलांची चित्रं आणि ‘अकरा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल’ हे पहिल्या दिवसापासून बंद. हात जोडलेलं चिन्ह टाकणं म्हणजे प्रार्थना झाली असं होत नाही. ज्याने ते टाकलं त्याने खरंच त्या क्षणी थांबून दोन वाक्यं म्हणावीत, नाहीतर टाकूच नये. कुणाचे रिपोर्ट, हॉस्पिटलच्या खाटेवरचे फोटो ग्रुपवर नकोत. पुढे पाठवलेला फोटो परत घेता येत नाही.

आजाऱ्याकडे जाऊन प्रार्थना करताना काय पाळावं?

आधी फोन करून विचारा. दोघा-तिघांनीच जा, वीस मिनिटांच्या आत निघा. हॉस्पिटलात असाल तर दहा मिनिटं, आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाणार नाही एवढाच. हात ठेवण्याआधी परवानगी घ्या. शस्त्रक्रिया झालेल्या भागाजवळ हात नको. आजारी माणूस थकलेला असेल तर स्तोत्र 23 आणि प्रभूची प्रार्थना, बस्स.

याकोब 5:14 मध्ये मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक किंवा वडील कपाळाला तेलाचं बोट लावून हे करतात. कॅथलिक परंपरेत रुग्णाभ्यंग हा संस्कार आहे आणि तो धर्मगुरूच देतात, म्हणून कॅथलिक घरी गेल्यावर आपलं तेल काढू नका, फादरना कळवा.

आणि औषध बंद करायला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. इन्शुलिन, रक्तदाबाची गोळी, फिट्सची गोळी, मानसिक आजाराची गोळी ‘विश्वासाने’ सोडल्यावर काय होतं ते दवाखान्यात दिसतं. फिट्सची गोळी अचानक थांबवली तर लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. बरं वाटलं तरी आधी डॉक्टर, मग सभेत साक्ष.

इतकी प्रार्थना केली, काहीच झालं नाही. आमचा विश्वास कमी पडला का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘हो, विश्वास वाढवा’ असं उत्तर देणाऱ्यांपासून दूर राहा. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही (2 करिंथ 12). गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून येशूने मागितलं, प्याला टळला नाही. यातल्या कुणाचा विश्वास कमी होता?

स्तोत्रसंहितेतला मोठा भाग विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्रात ‘किती काळ?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. म्हणजे देवावर रागावून त्याच्याशीच बोलणं ही प्रार्थनाच आहे. बोलणं बंद करण्यापेक्षा ती कितीतरी बरी. ज्या घरात मूल गेलंय तिथे ‘देवाची इच्छा’ म्हणू नका, ‘त्याला देवाने फूल म्हणून खुडलं’ तर अजिबात नको. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा आणि बसून राहा. चाळीस दिवसांनी पुन्हा जा, तेव्हा बाकी कुणी येईनासं झालेलं असतं.

सभेतल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. काय करायचं?

मत्तय 5:23-24 स्पष्ट आहे: दान वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. पण समेट सभेत घडवून आणायचा हट्ट धरू नका. सगळ्यांसमोर हात मिळवायला लावलं की दोघेही मिळवतात आणि पुढच्या आठवड्यात एकजण येत नाही. दोघांनाही मान्य असलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाने वेगवेगळं भेटावं. जमिनीचा किंवा पैशाचा वाद असेल तर तो कागदावर सुटू द्या, प्रार्थनेने सातबारा बदलत नाही. तोवर दोघांना एकाच गटात बसवू नका.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजारी एकत्र प्रार्थना करू शकतात का?

जरूर. 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा जगभर त्यासाठीच पाळतात, आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन स्त्रियांनी सुरू केलेला, सगळ्या पंथांचा आहे. स्तोत्रं, शुभवर्तमानातला पाठ आणि प्रभूची प्रार्थना ही सामाईक जमीन. एक छोटी फजिती ठरलेली: ‘वाइटापासून सोडव’ म्हणून कॅथलिक थांबतात आणि प्रोटेस्टंट ‘कारण राज्य, सामर्थ्य, गौरव’ म्हणत पुढे जातात, अर्धी खोली गप्प, अर्धी चालू. कुठे थांबायचं ते आधी ठरवा. शब्दरचनेतही फरक असतो, म्हणून एकच मजकूर छापून वाटा.

वसईतल्या घरांत संध्याकाळी कुटुंबाने मिळून जपमाळ म्हणायची जुनी चाल आहे. पाच दशकं, प्रत्येकात एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा मरियामातेची आणि एकदा त्रैक्याची स्तुती. साधारण वीस मिनिटं लागतात. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकजण म्हणतो, दुसरा बाकीचे, त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाला वाटा मिळतो. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं (म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग), मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. प्रोटेस्टंट पाहुणा असेल तर त्याने शांत बसावं, त्याच्याकडून म्हणवून घेऊ नये.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांनी प्रार्थनेला बोलावलं तर?

जा. साध्या मराठीत, दोन-तीन मिनिटांत, ज्यासाठी बोलावलंय तेवढ्यासाठीच प्रार्थना करा. देव्हाऱ्याबद्दल बोलू नका, ‘बरं वाटलं तर मंडळीत या’ अशी अट घालू नका, पैसे किंवा वस्तू घेऊ नका, देऊ नका. फोटो काढायचा नाही, नाव कुठे सांगायचं नाही. आठवड्याने तब्येत विचारायला जा.

मुलांचं काय करायचं?

दहा वर्षांच्या आतल्या मुलांना सव्वा तास बसवू नका. गीतं आणि शास्त्रपाठ होईपर्यंत ती असू द्या. शास्त्रपाठ वाचायला त्यांच्यापैकीच कुणाला द्या, अडखळलं तरी चालेल. मग बाजूच्या खोलीत. तिथे एकाने पाच बोटांची पद्धत शिकवावी: अंगठा म्हणजे जवळची माणसं, तर्जनी शिक्षक आणि डॉक्टर, मधलं बोट देश चालवणारे, अनामिका आजारी आणि दुबळे, करंगळी आपण स्वतः.

गीतं कोणती, वाद्यं किती?

सगळ्यांना येणारी. नवीन गीत शिकवायचं ते महिन्यात एकच. ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनाची वाट ख्रिस्ती उपासनेत रुंद केली, त्यामुळे ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात नसलं तरी टाळ धरून म्हणता येण्यासारखं बरंच आपल्याकडे आहे. भजनात एकजण ओळ सांगतो, बाकीचे झेलतात. वाचता न येणाऱ्यालाही त्यात पूर्ण जागा असते. पेटी आणि ढोलकी पुरे. दहा बाय बाराच्या खोलीत माइक आणि स्पीकर लावू नका. वरच्या मजल्यावर बारावीचा अभ्यास चाललेला असतो.

फराळ?

चहा आणि बिस्किटं. याहून जास्त कुणी केलं की पुढच्या घराला तेवढं करावं लागतं, आणि ज्याला परवडत नाही तो सभा घरी घेणंच टाळतो. हा नियम वडिलांनी जाहीर करावा, यजमानावर सोडू नये.

परदेशातली मुलं ऑनलाइन सामील होतात. ते कसं जमवायचं?

इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे दुबईत सात, लंडनला हिवाळ्यात दुपारचे तीन, उन्हाळ्यात चार. एकाच वेळी सगळ्यांनी बोललेलं इंटरनेटवर मागेपुढे पोचतं, त्यामुळे प्रभूची प्रार्थना एकमुखाने म्हणायला गेलं की कालवा होतो. एकाचाच माइक चालू, बाकीच्यांनी आपापल्या घरी मोठ्याने म्हणावी. गीतांचंही तेच. खोलीत जमलेले आणि पडद्यावरचे असे दोन्ही असतील तर पडद्यावरच्यांना नावाने बोलवा, नाहीतर ते नुसते प्रेक्षक होतात. ऑनलाइन सभा 45 मिनिटांत संपवा.

घरी एकट्याने रोज किती वेळ?

पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी. एक मिनिट स्वस्थ, मग स्तोत्रं, मग झालेल्या चुका नाव घेऊन कबूल करणं, मग माणसं. रोज पाच स्तोत्रं वाचली तर तीस दिवसांत दीडशे होतात. एकशेएकोणिसावं फार लांब आहे, त्या दिवशी तेवढंच घ्या आणि बाकीची दुसऱ्या दिवशी उरका. माणसांची यादी सात वारांत वाटा, दिवसाला पाच-सहा नावं, त्यातलं एक न आवडणाऱ्या माणसाचं. घरात जागा नसेल तर गॅलरी, गच्ची, पहाटेची रिकामी बस, काहीही चालतं.

माणसं कमी होत चालली आहेत. बंद करावी का?

आधी कारण शोधा: वेळ लांबतेय का, विनंत्या बाहेर जातायत का, तेच तिघे बोलतायत का. मे महिन्यात आणि गावच्या जत्रा-लग्नसराईत सुट्टी घ्या, पण परत सुरू करायची तारीख आधीच सांगा. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी जानेवारी 1905 मध्ये रोज प्रार्थनेला जमणाऱ्यांची नावं मागितली तेव्हा 70 जणी पुढे आल्या, जूनअखेर तिथे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, सुरू होईतो दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या 550 झाली होती. हे मोठ्या सदनातले, एकत्र राहणाऱ्यांचे आकडे. ते चाळीतल्या किंवा वस्तीतल्या सभेला लावायला जाऊ नका. चार माणसं उरली असतील तर चौघांची सभा चालवा, वेळ पस्तीस मिनिटांवर आणा, मनन काढून टाका, आणि जे यायचे थांबले त्यांच्याकडे एकेकाने जाऊन या. सभेला का येत नाही हे विचारू नका. घरी सगळे कसे आहेत ते विचारा आणि जे सांगतील ते वहीत लिहा.